फाईल माझी, पाय माझा नाही

आमच्या घरात भुतंखेतं, अंगात येणं, नजर लागणं यांना कधीच जागा नव्हती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली माझी आणि भावाची पुस्तकं, बस. वडील भिलाई-३ ला रेल्वेत गँगमन होते. रात्री-अपरात्री रुळांवरून चालत जायचे, पण कशाला घाबरल्याचं मला आठवत नाही. मी लहानपणी विचारायची, "बाबा, रुळावर भूत राहते म्हणतात..." तर म्हणायचे, "दिसलं तर विचारून घेजो त्याले, कोनत्या शिफ्टचा आहेस म्हणून."

अशा घरातली मुलगी मी. त्यामुळे असे अनुभव मी आजवर फक्त वाचत आले, आणि खरं सांगते, वाचून हसत आले. हा लिहायलाही खूप दिवस लागले. माझं शिक्षण हिंदी माध्यमात झालं, मराठी घरची आणि आईनं वाचायला लावलेल्या मासिकांची आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मेडिकल रेकॉर्ड सेक्शनला काम करते. हॉस्पिटल भिलाईतच, रिसालीच्या बाजूला आहे. नाव लिहीत नाही. आमच्या घराण्यात कॉलेज संपवणारी मी पहिली. बी.एससी. झाल्यावर रेकॉर्डचा डिप्लोमा केला आणि इथे लागले. मला वाटलं होतं, फायली लावायच्या आणि शोधायच्या, एवढंच काम असेल. पण आमचे इन्चार्ज नायर सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "सुजाता, डॉक्टर आदमी को एक बार देखता है, फिर भूल जाता है. ये रैक नहीं भूलता." सर मूळचे केरळचे, पण जन्म भिलाईतला. मला त्यांनी हाताला धरून काम शिकवलं. आमच्याकडे अपघाताच्या, मारामारीच्या, जळिताच्या फायली वेगळ्या रॅकवर असतात, कारण त्यांच्यासाठी कधीही पोलीस किंवा कोर्ट येऊ शकतं. त्या आम्ही फेकत नाही. कारखान्यांतल्या कामगारांच्या छातीच्या जुन्या एक्स-रे फिल्मही फेकत नाही. धुळीमुळे फुप्फुसं गेल्याचे दावे वर्षानुवर्षं चालतात.

आता मूळ गोष्ट.

जानेवारीतली दुपार होती. छान ऊन पडलं होतं. नायर सर जेवायला गेले होते आणि मी खिडकीशी एकटीच होते. आमची खिडकी कॉरिडॉरमध्ये उघडते. लोक येतात, कार्ड देतात, फाईल मागतात.

"बाई, रेकॉर्डवाली तूच काय?"

मी दचकले, कारण या खिडकीवर मराठी सहसा कोणी बोलत नाही. आम्ही मराठी माणसंसुद्धा बाहेर एकमेकांशी हिंदीच बोलतो. वर पाहिलं तर एक वयस्कर गृहस्थ उभे होते. साठी ओलांडलेली असावी. अंगात हातानं विणलेला मरून स्वेटर, पण एका बाहीचं टोक हिरव्या लोकरीचं. उजव्या हाताचा अंगठा ते डाव्या बाजूला मानेच्या खाली सारखा दाबत होते, तिथे काही दुखत असावं तसे.

"हो काका, मीच. काय पाहिजे?"

"श्रीराम लांजेवार. माया नावाची फाईल निघंल." माया म्हणजे माझ्या, आमच्या बोलीत.

"कार्ड आणलं का काका?"

"कार्ड आता कोठी आहे..." ते जरा वैतागले. मग खिडकीच्या गजाजवळ आले. "आयक. फाईल माया नावाची आहे, पन तिच्यातला पाय माया नाही. ध्यानात ठेवजो. माया छातीचा फोटो पाहाजो."

आमच्याकडे गोंधळलेली, विसराळू माणसं रोज येतात. मला वाटलं, यांना एक्स-रे विभागात जायचं असेल. म्हटलं, "थांबा, तुम्हाला चिठ्ठी लिहून देते," आणि मागच्या टेबलावरून कागद घ्यायला वळले. परत पाहिलं तर कोणी नव्हतं. मी मान बाहेर काढून कॉरिडॉरमध्ये पाहिलं. मोकळा होता. म्हटलं, गेले असतील ओपीडीकडे.

चहाच्या वेळी सरांना गंमत म्हणून सांगितलं. "सर, आज आमच्या तिकडचे एक काका आले होते. लांजेवार. म्हणे, छाती का फोटो देखना, फाइल मेरी है, पर उसमें का पाँव मेरा नहीं."

सरांनी बिस्किट चहात बुडवलं. "तो किसका है? पूछना था ना! वापस करना पड़ेगा."

दोघंही हसलो. तो विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यातून साहू मॅडम आल्या. त्या सब-इन्स्पेक्टर आहेत आणि आमच्याकडे त्यांचं येणं-जाणं असतं. त्यांनी रीतसर पत्र दिलं. नंदिनी नगरच्या बाजूला एका जुन्या बंद खाणीच्या पाण्याकाठी कुण्या वयस्कर पुरुषाचा सांगाडा मिळाला होता. डाव्या मांडीचं हाड कधीकाळी मोडून जुळलेलं होतं. वय आणि उंची दिवाळीनंतर हरवलेल्या एका माणसाशी जुळत होती, आणि त्या माणसाचा एक जुना मित्र नंदिनीलाच राहायचा. त्यामुळे त्याचं काही जुनं रेकॉर्ड आमच्याकडे आहे का, हे त्यांना हवं होतं. तो माणूस ज्या कारखान्यातून रिटायर झाला होता, त्या कारखान्याच्या कामगारांना आमच्याकडे मोफत उपचार मिळत.

पत्रावर नाव होतं श्रीराम लांजेवार.

मी म्हटलं, "मॅडम, ये मिसिंग कैसे? ये तो कल यहाँ आए थे."

मॅडमनी फोनमधला फोटो दाखवला. पासपोर्टसाठी काढलेला, कॉलरवाल्या शर्टातला. चेहरा तोच होता. मी अगदी खात्रीनं सांगितलं. मॅडमचा चेहरा एकदम उजळला. त्या मला आणि सरांना घेऊन सरळ सिक्युरिटीच्या खोलीत गेल्या, कॅमेरा बघायला.

स्क्रीनवर माझी खिडकी दिसत होती. मी वर बघते, बोलते, ऐकते, वळते, परत येते, मान बाहेर काढते... सगळं होतं. खिडकीसमोर मात्र कोणीच नव्हतं. सर म्हणाले, तिथे खांब आहे, आडोसा होतो. पण कॉरिडॉरमधून येताना किंवा जाताना तरी दिसायला हवं होतं ना? तेही नाही.

मॅडम वाईट बोलल्या नाहीत. फक्त खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "कभी-कभी धोखा हो जाता है. आप फाइल निकाल दीजिए."

मला इतकी शरम वाटली की पाय आणि छातीबद्दलचं बोलणं मी त्यांना सांगितलंच नाही. गुपचूप जाऊन फाईल काढली. अपघाताच्या रॅकवर होती, कागद पिवळे पडलेले. श्रीराम लांजेवार, झाडावरून पडून डाव्या मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन केलं, बरा होऊन घरी गेला. एक्स-रेचा लिफाफा रिकामा होता, फिल्म कुठे गेली कोण जाणे. पण लिहिलेलं स्पष्ट होतं. मॅडमनी तिथूनच कुणाला तरी फोन लावला. "हाँ, मिल गया. लेफ्ट थाई. वही है."

पाय माझा नाही, असं त्या माणसानं फाईल निघण्याच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं. फाईलमध्ये पाय आहे हे त्याआधी मला माहीत नव्हतं, सरांनाही नाही. ती फाईल कित्येक वर्षांत कोणी उघडलेली नव्हती. सर जाताना म्हणाले, "तूने मुझे पहले बोला था. मैं गवाह हूँ. लेकिन मेरी गवाही कौन सुनेगा?"

दुसऱ्या दिवशी मॅडम घरच्यांना घेऊन आल्या. ही फाईल आमच्याच माणसाची आहे, अशी त्यांची सही हवी होती. डीएनएचा नमुना गेला होता, पण त्याचा रिपोर्ट यायला फार वेळ लागतो. तोवर या सहीवर सांगाडा घरच्यांना देता येणार होता. आल्या होत्या सुलोचनाकाकू, म्हणजे लांजेवारकाकांच्या पत्नी, आणि काकांचे धाकटे भाऊ महादेवकाका. महादेवकाका साकोलीजवळच्या गावी शेती करतात. दिवाळीनंतर काका त्यांच्याकडेच जायला म्हणून ट्रेननं निघाले होते आणि पोचलेच नव्हते. मोबाईल घरीच चार्जिंगला राहिला होता. तेव्हापासून महादेवकाका रिसालीला वहिनीजवळ येऊन राहिले होते.

काकूंच्या कपाळावर कुंकू होतं. खुर्चीत बसता बसता महादेवकाका म्हणाले, "वयनी, आता मन घट्ट करा. गाववाले गाडी घेऊन निघाले आहेत. उद्या वैनगंगेवर नेऊन टाकू."

"न्या ना तुम्ही. मी कुंकू पुसत नाही, सांगून ठेवते."

साहू मॅडमनी कागद पुढे सरकवला. "अम्मा, बस यहाँ साइन कर दीजिए."

काकूंनी कागदाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. माझ्या टेबलावरच्या नावाच्या पाटीवरून त्यांनी ओळखलं असावं. "तू आपल्यातली दिसतेस. वाचून सांग मले, काय लिवलं आहे."

मी मराठीत सांगितलं. झाडावरून पडले, डाव्या मांडीचं हाड मोडलं...

"कोनाचं?"

"काकांचं. तारीख बघता तुमच्या लग्नाआधीचं असेल, काकू."

"यायचा पाय कधीच नाही मोडला." काकूंचा आवाज चढला. "इतके वर्षं मी त्यायचे पाय चेपून देऊन राहिली. मांडीवर इतली मोठी ऑपरेशनची खूण असती तर मले दिसली नसती काय? आंधळी आहे काय मी?"

मॅडमनी सुस्कारा सोडला. अशा वेळी घरचे कधीच मान्य करत नाहीत, हे त्यांनी किती वेळा पाहिलं असेल. "अम्मा, पुराना निशान मिट भी जाता है..."

मी महादेवकाकांकडे पाहत होते. मी फाईल वाचायला लागले तसा त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला होता. ते खुर्चीत बसले होते आणि त्यांचा डावा पाय सरळ पुढे पसरलेला होता, गुडघ्यात न दुमडता.

त्या क्षणी मला खिडकीतला आवाज आठवला. मी कोण विचारणारी? पोलीस समोर, सर समोर. पण काकूंनी सही केली असती तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात एका परक्या माणसाची हाडं आली असती, आणि मग काकांना शोधणं कायमचं थांबलं असतं. मेलेल्या माणसाला कोण शोधतं?

मी विचारलं, "महादेवकाका, हा पाय कोणाचा आहे?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुले कोनं सांगतलं?"

"मी विचारते आहे फक्त."

त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मग वहिनीकडे. "दादावर केस होईल... त्याची पेन्शन बंद करतील."

"भाऊजी," काकू म्हणाल्या, "मले पेन्शन पायजे का माणूस पायजे? बोला!"

"माया पाय आहे तो, वयनी."

मग ते आपणच बोलत गेले. तरुणपणी ते आंब्यावरून पडले होते. गावातल्या वैद्यानं बांबूच्या काड्या बांधल्या, पाय काळा पडायला लागला. थोरला भाऊ नुकताच भिलाईला कारखान्यात लागलेला. त्यानं ट्रेननं इथं आणलं आणि खिडकीवर आपलं कार्ड दाखवून सांगितलं, पेशंट श्रीराम लांजेवार.

"दादा म्हणे, टाके निघतवरी तू श्रीराम. कोनी नाव विचारलं तर चुकजो नको. मंग मी इथं श्रीराम बनून पडलो... अन् दादा रूमवर दार लावून पडला."

"वो क्यों?" मॅडमनी विचारलं.

"ड्युटीवर कसा जाईल मॅडम? पाय मोडलेला मानूस मशीनवर उभा दिसला असता तर पकडला नसता काय? पाय माया मोडला, अन् लंगडत दादा चालला. कारखान्यात कित्येक दिवस खोटा खोटा लंगडे."

नायर सरांना हसू आवरेना. मॅडमही तोंडावर हात ठेवून खिडकीकडे बघायला लागल्या. काकूच गंभीर होत्या. "मले सांगतलं, भाऊजी लहानपनी पडले. इतलंच."

"तवा सगळेच आणत होते वयनी, गावाकडच्याले. कोनी सांगत नव्हतं."

"काका, पहले क्यों नहीं बोले आप?" मॅडम म्हणाल्या.

"मले विचारलं कोनं? तुम्ही म्हटलं, हॉस्पिटलचं रेकॉर्ड मॅच झालं. कोनतं हाड, काय हाड, सांगतलं काय? मले वाटलं, हॉस्पिटल म्हणून राहिलं तर खरंच असंल."

मला ते लागलं. त्यांनी आपल्या भावापेक्षा आमच्या कागदावर विश्वास ठेवला होता.

पण मॅडमची अडचण खरी होती. त्या म्हणाल्या, घरच्यांच्या नुसत्या बोलण्यावर हे सोडता येणार नाही. उद्या वरून विचारतील, नाही म्हणायला आधार काय? काहीतरी ठोस पाहिजे.

मी सरांकडे पाहिलं. सर आधीच उठले होते. "छाती का फोटो," ते म्हणाले.

कामगारांच्या फिल्म मागच्या खोलीत, कारखान्याप्रमाणे लावलेल्या आहेत. आम्ही दोघांनी आणि महादेवकाकांनीही, पाय ओढत ओढत, गठ्ठे उतरवले. काका नोकरीला लागतानाची आणि नंतरच्या तपासण्यांची अशा बऱ्याच फिल्म मिळाल्या. प्रत्येक फिल्मवर कामगाराचा टोकन नंबर आणि तारीख. छातीची तपासणी कारखान्याच्या डॉक्टरसमोर व्हायची, फोटो ओळखपत्र बघून. तिथे भावाला उभं करता आलं नसतं.

आमच्या एक्स-रेच्या डॉक्टर मॅडमनी फिल्म लाईटच्या डब्यावर लावल्या. पहिलीकडे बघून थांबल्या, दुसरी लावली, तिसरी लावली. मग बोट ठेवलं, डाव्या बाजूला, मानेच्या खाली. तिथे एक छोटी जास्तीची फासळी होती. जन्मापासूनची. काही थोड्या लोकांना असते, त्यांनी समजावलं, आणि ती जागा कधी कधी दुखते, हाताला मुंग्या येतात.

खिडकीतल्या माणसाचा अंगठा नेमका तिथेच होता.

"रोज रात्री चोळून द्यावं लागे," काकू मागून म्हणाल्या. "डाव्या हाताले मुंग्या येत त्यायच्या."

सांगाडा तपासणाऱ्या डॉक्टरांना लगेच फोन गेला. मानेचे मणके शाबूत होते. जास्तीची फासळी नव्हती, आणि ती कधी असल्याची खूणसुद्धा नव्हती. साहू मॅडमनी फोन ठेवला आणि हिंदीत बोलायचं सोडून, अडखळत, मराठीत म्हणाल्या, "काकू, ते नाही आहे."

मला वाटलं, काकू आता रडतील. त्यांनी डोळेसुद्धा पुसले नाहीत. सरळ विचारलं, "मंग ते कोठी आहे?"

त्या प्रश्नानं सगळं उलटं फिरलं. तोवर आम्ही मेलेल्या माणसाची ओळख पटवत होतो. आता एक जिवंत माणूस शोधायचा होता.

रेकॉर्डवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. कोणती फाईल किती वर्षं ठेवायची, कोर्टातून समन्स आलं तर काय न्यायचं, असलं काहीतरी त्यात चालू असतं. सरांनी साहू मॅडमची लेखी परवानगी घेतली आणि नाव न देता त्या फासळीचा फोटो ग्रुपवर टाकला. सोबत लिहिलं की, दिवाळीनंतर दाखल झालेला, ओळख न पटलेला, साठीच्या पुढचा पुरुष आणि छातीच्या एक्स-रेमध्ये ही खूण, असा कोणी तुमच्याकडे आहे का? भिलाईहून गोंदिया, नागपूर या लाइनवरच्या सगळ्यांनी कृपया पाहावं.

काही दिवस काहीच आलं नाही. मग एका संध्याकाळी नागपूरच्या एका सरकारी हॉस्पिटलमधल्या मुलानं फोटो पाठवला. सोबत फिल्म. तीच फासळी. डोक्याला मार लागलेला, स्टेशनवरून आणलेला, मेंदूचं ऑपरेशन झालेलं. चेहरा सुजल्यामुळे आणि डोकं भादरल्यामुळे पोलिसांच्या फोटोशी कुणी जुळवू शकलं नव्हतं. नावाच्या जागी नुसतं 'अनोळखी पुरुष' होतं. बहुतेक साकोलीसाठी गोंदियाला उतरायचं, ते झोपेत पुढे निघून गेले आणि नागपूरला घाईनं उतरताना पडले. त्यांना स्वतःला अजून आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी महादेवकाकांचा व्हिडिओ कॉल आला. वॉर्डमध्ये काकू पलंगाशी बसल्या होत्या आणि पलंगावरचा माणूस त्यांच्याकडे डोळे उघडे ठेवून बघत होता. फोन हलत होता, महादेवकाका रडत होते आणि काकू त्यांच्यावर ओरडत होत्या, "अजी भाऊजी, सरळ धरा ना तो फोन! पोरीले दिसू द्या!"

मला दिसलं. डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली. पण माणूस तोच होता.

इथपर्यंतचं सगळं तुम्हाला समजावून सांगता येतं. पुढचं नाही.

मी त्या नागपूरच्या मुलाला विनंती केली की, ज्या दिवशी काका माझ्या खिडकीवर आले, त्या दिवसाची नर्सिंगची नोंद बघून सांग. त्या दुपारी ते बेशुद्ध होते, जसे त्याआधी कित्येक आठवडे होते. फक्त एक वेगळी ओळ होती. पेशंटने ओठ हलवले, शब्द कळले नाहीत.

आणि स्वेटर. मरून, एका बाहीचं टोक हिरवं असलेला. काकूंनी ती बाही त्याच दिवाळीत उसवून विणली होती, कोणत्याही फोटोत ती नव्हती. काका दाखल झाले त्या रात्री कॅज्युअल्टीत तो स्वेटर कात्रीनं कापून काढला होता. मला तो खिडकीत दिसला, त्या वेळी खरा स्वेटर नागपूरला पिशवीत तुकडे होऊन पडला होता. मी पाहिलेला अखंड होता.

उन्हाळ्यात काका काठी टेकत, काकूंचा हात धरून आमच्याकडे आले. महादेवकाकांनी सगळं सांगितलं होतं, पण खिडकीचं नाही. ते मी फक्त सरांना आणि साहू मॅडमना सांगितलं होतं. काका हळू आणि थांबून थांबून बोलत होते. त्यांना फाईल दुरुस्त करून घ्यायची होती.

"तो पाय माया नावावरून काढून टाक, बाई. मेल्यावर तरी कोनी लंगडा नको म्हणायले."

"काढून टाकता येत नाही काका. सोबत दुरुस्तीची नोंद लावता येते. केस वगैरे काही झाली नाही ना?"

"कारखानाच बंद झाला, केस कोन करंल?" मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुले कधी पाहिलं नाही मी. मी ह्या नव्या बिल्डिंगमंदी पयलांदाच येऊन राहिलो. पन तुया आवाज..."

"काय झालं माझ्या आवाजाला?"

"तिकडे पडून होतो तवा एक पोरगी सारखी विचारे. कार्ड आणलं का काका, कार्ड आणलं का काका. मले असा राग ये! मानूस मरून राहिला, अन् हिले कार्ड पायजे."

काकू हसल्या. मी हसू शकले नाही.

मी विज्ञान शिकले आहे. लोकांनी मला कारणं सुचवली आहेत. कोणी म्हणालं, पेपरात हरवल्याची बातमी वाचली असशील आणि मनात राहिली असेल. असेल. पण बातमीत पाय नव्हता आणि छातीही नव्हती. वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जे कळत नाही ते कळत नाही म्हनाव. त्यात कमीपना नाही." तेच मीही इथे म्हणते. मला कळलेलं नाही.

आणि तो खाणीकाठचा माणूस राहिलाच. पुढे डीएनएचा रिपोर्ट आला, तो लांजेवारकाका नव्हते हे पक्कं झालं. पोलिसांनी त्याला माती दिली तेव्हा काकू आणि महादेवकाका दोघं गेले होते. काकूंनी घरून नवं पांढरं कापड नेलं. म्हणाल्या, "कोनाचा तरी असंलच ना तो. त्याच्याही मांडीवर कोनीतरी हात फिरवला असंल."

त्याच्या मांडीच्या हाडाची फिल्म आता साहू मॅडमच्या परवानगीनं आमच्या ग्रुपवर आहे. छत्तीसगड, विदर्भ, ओडिशा, झारखंड, जिथे जिथे आमच्यासारखी रॅकमध्ये बसलेली माणसं आहेत, ती जुने लिफाफे उघडून बघतात. माझ्या खिडकीवर त्याच्यासाठी कोणी आलेलं नाही. लांजेवारकाका कसे सापडले, ते मी कधीच पूर्ण सांगू शकणार नाही. याला मात्र आम्ही एकेक फिल्म उजेडात धरून शोधतो आहोत, आणि ते कसं, हे मी कुणालाही सांगू शकते.

परवा राउरकेलाकडच्या एका रेकॉर्डवाल्या ताईंचा मेसेज आला. हाड जुळतंय असं वाटतं, नाव आणि पत्ता आहे, घरी बायको आणि मुलगी आहेत. ताईंनी पुढे विचारलं होतं, पण हा पाय त्याचाच आहे का, हे आधी घरच्यांना नीट विचारून घेऊ ना?

मी लिहिलं, हो ताई, तेवढं नक्की विचारा.